श्रम, अन्न आणि रक्तातील साखर



चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही मधुमेहाचे नाव घेतले. त्यांना थोडे नवल वाटले असावे. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे अशी रीत आहे. शिवाय आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली; पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा येथे कोणी औषध विचारू नये, ते आम्हांला सांगता येणार नाही. पण ज्या माणसांच्या मजुरीसाठी आम्ही आयुष्यभर भांडलो, त्यांच्या ताटात काय पडते आणि पडलेले अंगात कुठे जिरते, हे समजून घेणे हेही आम्हांला आमचेच काम वाटले. म्हणून हा विषय आम्ही वाचला, जाणत्यांना विचारला, आणि जेवढा समजला तेवढा आपल्यापुढे ठेवीत आहोत.

सुरुवात एका माणसापासून करतो. आमचा एक जुना सहकारी होता. अर्धी हयात त्याने गिरणीत मागावर काढली. गिरणी गेल्यावर त्याने पहारेकऱ्याची नोकरी धरली. बारा तासांची पाळी, फाटकाशी एक खुर्ची, आणि दिवसातून सात-आठ वेळा साखरेचा चहा. ती खुर्चीही सहजी मिळालेली नव्हती. पहारेकऱ्यांनी बारा तास उभे का राहावे, असा वाद घालून आम्हीच ती मिळवली होती. एकदा आम्ही वस्तीत रक्ततपासणीचे शिबिर ठेवले. त्याला म्हटले, तूही बोट पुढे कर. तो हसला. म्हणाला, "भाऊ, साखर शेठलोकायले होते. माह्या अंगावर मांस तं दिसू द्या!" माणूस खरोखरच काटकुळा. आम्हीही हसलो आणि पुढच्या माणसाकडे वळलो. दोन वर्षांनी बुटाने त्याच्या अंगठ्याला फोड आला. पायाची जाणीव गेलेली होती, म्हणून तो त्याला कळला नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल गेले. नोकरी तर त्याआधीच गेली होती.

त्या दिवशी आम्ही हसलो नसतो तर बरे झाले असते. आमचे ते अज्ञान आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्याचसाठी आज बोलावयाचे आहे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. आपण भाकरी खातो, भात खातो, पोहे खातो. पोटात गेल्यावर या सर्वांची शेवटी साखर होते. तिला ग्लुकोज म्हणतात. ती रक्तात उतरते. रक्तात तिला फार वेळ राहू देणे शरीराला परवडत नाही; ती कुठेतरी पोचवावी लागते. ती पोचविण्याची आज्ञा देणारा जो रस स्वादुपिंडातून निघतो, तो इन्सुलिन. टोरोंटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी तो हस्तगत केला आणि जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. ज्यांच्या नावे शोधाचे हक्क होते त्यांनी ते विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले, ही गोष्ट कामगारांच्या सभेत सांगण्यासारखी आहे.

पण इन्सुलिन माल पोचवते कुठे? पुष्कळांना वाटते की साखरेचा सारा कारभार यकृताचा. यकृताचा वाटा मोठा आहेच, आणि रात्री उपाशीपोटी रक्तात साखर पुरविण्याचे काम मुख्यतः त्याचेच आहे. परंतु माणसाला शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन मोजमाप केले तेव्हा असे आढळले की बाहेरून आलेल्या साखरेपैकी सुमारे ७० ते ८० टक्के साखर अंगातले स्नायू उचलतात. म्हणजे आपल्या मांड्या, पोटऱ्या, पाठ आणि दंड हे साखरेचे सर्वांत मोठे गोदाम. ह्या गोदामाचे दार नीट उघडते की नाही, यावर बाकीचे पुष्कळसे अवलंबून आहे.

हे दार उघडते कसे, ते गिरणीच्या भाषेत सांगतो. इन्सुलिन स्वतः माल वाहत नाही. तो चिठ्ठी घेऊन येणारा चपराशी आहे. स्नायूच्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला एक घंटा बसवलेली असते, तिला शास्त्रज्ञ ग्राहक म्हणतात. इन्सुलिन तेथे चिकटले की घंटा वाजते. आत पहिला मुकादम उभा असतो, त्याचे शास्त्रीय नाव आयआरएस-१. तो दुसऱ्याला खूण करतो, दुसरा तिसऱ्याला. ह्या साखळीत पुढे एकेटी नावाचा एक मुकादम आहे. त्याच्यापर्यंत निरोप पोचला की पेशीच्या पोटात उभ्या असलेल्या हातगाड्या हलतात आणि दारापर्यंत येतात. ह्या हातगाड्यांचे नाव ग्लुट-४. त्यांचा शोध १९८८ च्या सुमारास लागला. त्या पृष्ठभागावर येऊन लागल्या की साखर आत शिरते. इन्सुलिन ओसरले की गाड्या पुन्हा आत जातात. निरोगी माणसात हा सगळा व्यवहार काही मिनिटांत होतो.

आता मधुमेहाच्या नेहमीच्या प्रकारात, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या प्रकारात, काय बिघडते? पुष्कळ दिवस असे समजत होते की इन्सुलिन कमी पडते, एवढेच. लंडनच्या हिम्सवर्थ नावाच्या डॉक्टराने १९३६ साली दाखवून दिले की मधुमेही दोन तऱ्हेचे असतात. काहींना इन्सुलिनचा गुण लागलीच येतो, काहींना येत नाही. ह्या दुसऱ्या माणसांत चिठ्ठी येते, घंटाही वाजते, पण आतला मुकादम ऐकत नाही. गाड्या जागच्या हलत नाहीत. साखर दाराबाहेर साचते. मग स्वादुपिंड काय करते? ते अधिक चपराशी पाठवते. एकाच्या जागी दोन, दोनाच्या जागी तीन. अशाने काही वर्षे निभते. तपासणीत साखर ठीक दिसते, माणूस खूश असतो. पण आत स्वादुपिंड जादा पाळी करीत असते. जादा पाळी करून करून ते थकते, आणि मग एके दिवशी कागदावर आकडा उमटतो. तो आकडा उमटण्यापूर्वी पुष्कळ वर्षे स्नायूचे दार कुरकुरत असते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुकादम का ऐकत नाही? ह्याचे सर्वमान्य असे एकच उत्तर नाही. पण एका कारणाविषयी पुष्कळ पुरावा आहे. खाणे खर्चापेक्षा अधिक झाले की उरलेली शिल्लक चरबी होऊन साठते. ती कातडीखाली साठली तर तितकेसे बिघडत नाही. तिथली जागा भरली, किंवा मुळातच थोडी असली, की चरबी यकृतात आणि स्नायूच्या पेशींत शिरते. तेथे चरबीचे काही अर्धेकच्चे पदार्थ साचतात, आणि ते त्या पहिल्या मुकादमाच्या, आयआरएस-१च्या, कामात अडथळा आणतात. पेढीवरच्या सराफासारखा माणूस असो की वावरातला, यंत्र तेच.

येथे कोणी विचारील की मग पहिलवानाच्या स्नायूत चरबी नसते काय? असते. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंत तर मधुमेह्याइतकीच चरबी आढळली, आणि तरीही त्यांचे इन्सुलिन उत्तम चालते. कारण त्यांची चरबी येते आणि जाते. ती रोज जाळली जाते. आपल्याकडे ती पडून राहते. गोदामात माल असणे वाईट नाही. माल कुजत पडणे वाईट.

आता आमच्या त्या काटकुळ्या मित्राचा प्रश्न. बारीक माणसाला हे का व्हावे? ह्याचे उत्तर शोधण्याचे फार मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याच्या केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केले आहे. त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली लॅन्सेट ह्या नियतकालिकात आले. दोघे शेजारी उभे. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा आकडा एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे तराजू दोघांना सारखे म्हणतो, पण कातडीच्या आत हिशेब निराळा. आपली माणसे बाहेरून बारीक आणि आतून चरबीची, आणि स्नायू मात्र थोडा.

हे मोठेपणी खाण्यापिण्याने झाले, असेही नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन गावच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ लहान, ते समजण्यासारखे आहे. परंतु कमी काय पडले? स्नायू कमी पडला, पोटातली इंद्रिये लहान राहिली. चरबी मात्र त्या मानाने फारशी घटली नाही. अर्धपोटी राहून शेतात राबणाऱ्या आईच्या पोटी जे मूल येते, ते गोदाम लहान घेऊनच येते. पुढे तेच मूल शहरात येऊन खुर्चीवर बसते आणि मैद्याचे बिस्किट खाते. मधुमेह हा शेठजीचा रोग आहे, हे आता कोणी म्हणू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत, असे अनुमान निघाले. इतके शेठजी ह्या देशात कुठून असणार?

येथपर्यंतची हकीकत निराशेची वाटली असेल. आता आशेची बाजू सांगतो, आणि आमच्या मते आजच्या व्याख्यानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. स्नायूच्या गोदामाला दोन दारे आहेत. एक दार इन्सुलिनच्या चिठ्ठीने उघडते. दुसरे दार श्रमाने उघडते, आणि त्याला चिठ्ठी लागत नाही.

स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या आत चुना, म्हणजे कॅल्शियम, सुटतो. इंधन घटू लागते, आणि ते घटल्याची दखल घेणारा एक आतलाच पहारेकरी जागा होतो. त्याचे नाव एएमपी-काइनेज. अशा अनेक खुणा मिळून त्याच ग्लुट-४च्या हातगाड्या दाराशी येतात. मुकादम ऐको वा न ऐको, हमालांनी स्वतःच गाड्या ढकलल्या, असे समजा. म्हणून ज्याचे पहिले दार गंजले आहे, अशा मधुमेह्याचाही स्नायू चालताना साखर उचलतो. आणि काम थांबल्यावर आणखी एक नवल घडते. पुढे काही तास, कधी एक-दोन दिवसही, पहिले दारसुद्धा अधिक सहज उघडते; थोड्या इन्सुलिनचा गुण अधिक येतो. मात्र हा उपकार टिकाऊ नाही. तिसऱ्या दिवशी तो बराचसा ओसरतो. म्हणून एक रविवार दहा मैल चालून बाकीचे सहा दिवस बसणाऱ्याला त्याचा पुरता लाभ नाही. स्नायूची हजेरी रोजच्या रोज लागते.

आणि तो लाभ ज्याचा त्यालाच मिळतो. डेन्मार्कमध्ये १९८९ साली एक प्रयोग झाला. माणसाला एकाच पायाने व्यायाम करावयास लावले, दुसरा पाय स्वस्थ. काही तासांनी इन्सुलिन देऊन पाहिले. काम केलेल्या पायाने साखर अधिक उचलली. स्वस्थ पायाने उचलली नाही. रक्त एकच, इन्सुलिन एकच, माणूस एकच. उजव्या पायाची मजुरी डाव्या पायाच्या खात्यावर जमा होत नाही. ह्याच्या उलट, निरोगी तरुणांना सात दिवस अंथरुणावर नुसते निजवून ठेवले, तर तेवढ्यातच त्यांच्या पायाच्या स्नायूंवरचा इन्सुलिनचा अंमल कमी झाला. सात दिवसांत एवढे, तर बारा वर्षे खुर्चीवर काढणाऱ्याची काय कथा!

येथे आमच्या सभासदांचा एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. ते म्हणतात, आम्ही दिवसभर मरमर काम करतो, संध्याकाळी हाडे दुखतात. आणि तुम्ही आम्हांला व्यायाम सांगता? व्यायाम हा पोट भरलेल्यांचा शौक आहे.

ह्याचे उत्तर असे की थकवा निराळा आणि श्रम निराळा. एम्प्रेस मिल १८७७ साली ह्या शहरात सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. तिच्यातला विणकर मागांच्या ओळीतून पाळीभर येरझारा घालीत असे. तो श्रम अमानुष होता, कापसाचा धुरळा छातीत जात होता, त्या दिवसांची आम्ही आरती ओवाळणार नाही. पण त्याच्या मांड्या चालत होत्या. आज त्याचा मुलगा फाटकावर बसतो, ऑटो चालवतो, हिंगण्याला किंवा बुटीबोरीला यंत्रापुढे एका जागी उभा राहून हात हलवतो. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईची बोटे दिवसभर चालतात, बाकी शरीर जागचे हलत नाही. ही सारी माणसे थकतात. उष्णतेने, जागरणाने, अपमानाने थकतात. पण शरीरातले जे मोठे स्नायू साखरेचे खरे गिऱ्हाईक, ते मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू दिवसभर बेकार असतात. अंग मोडून येते आणि गोदाम मात्र बंद राहते, अशी ही विपरीत मजुरी आहे.

कामाचा प्रकार माणसाच्या शरीरावर कसा उमटतो, हे जुन्या दोन अभ्यासांनी दाखवले आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसभर जिने चढत. पगार, वस्ती, खाणे यांत फार अंतर नाही. मॉरिस नावाच्या डॉक्टराने १९५३ साली दाखवले की हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक, कंडक्टरांत कमी. हा अभ्यास हृदयाचा आहे, साखरेचा नव्हे. पण बसण्याची किंमत मोजणारा तो पहिल्या अभ्यासांपैकी एक आहे. दुसरा आपल्या देशातला. कलकत्त्याजवळच्या एका ताग गिरणीतील २१३ माणसांचे खाणे आणि वजन जाँ मेयर आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी तपासले. ते १९५६ साली छापून आले. मेहनतीच्या कामावर जसजसे जावे तसतसे खाणे वाढत होते, पण वजन वाढत नव्हते. उलट बैठ्या कामाची जी माणसे होती, ती हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक खात होती आणि वजनानेही जड होती. म्हणजे श्रम एका मर्यादेखाली गेला की भुकेला आपला हिशेब कळेनासा होतो.

आता अन्नाकडे वळू. आमच्या विदर्भाचे जुने जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. ते गरिबीचे जेवण होते, पण स्नायूच्या दृष्टीने अडाण्याचे नव्हते. आज पहाटे चौकात तर्री-पोहे, अकराला समोसा, दिवसभर चहा आणि रात्री भाताचा डोंगर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला. त्याने भूक भागली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. त्या कायद्यात भरड धान्याचेही नाव आहे. पण पिशवीत पडतो तो बहुतेक गहू आणि तांदूळ. डाळ वाण्याकडून आणावी लागते, आणि महागाईत पहिली कात्री डाळीवर पडते. वरण पातळ होत जाते, भात वाढत जातो. मूग, तूर, हरभरा, दूध, अंडे यांच्यावाचून स्नायू बांधला जात नाही, आणि जास्तीच्या भाताची चरबी होते. दोन्ही बाजूंनी तोटा.

काही मंडळी सांगतात, भात सोडा आणि भाकरी धरा, की झाले. तेवढ्याने होत नाही. मघाशी सांगितलेल्या देशव्यापी पाहणीतूनच २०२५ साली असे पुढे आले की एकूण पिठूळ खाणे तेवढेच ठेवून नुसते धान्य बदलले, तर धोका कमी झालेला दिसत नाही. पिठूळ अन्नाचा थोडा भाग काढून तेथे डाळी किंवा दूधदुभत्याची प्रथिने घातली, तर दिसतो. म्हणजे भाकरी चांगली, पण पाच भाकरी नव्हेत. भाकरी दोन, आणि वरण घट्ट. ताटात आधी भाजी आणि वरण, मग भाकरी-भात, असा क्रम ठेवला तर साखर रक्तात सावकाश चढते, असेही दिसून आले आहे. त्याला पैसा लागत नाही. चहातली साखर कमी करावयासही लागत नाही.

ह्या सगळ्याचा उपयोग खरोखर होतो का? मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर ठेवलेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के मधुमेही झाले. ज्यांचे खाणे आणि चालणे नेटाने सुधारले, त्यांच्यातले ३९.३ टक्के झाले. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळजवळ तेवढाच गुण आला. आपण पाहालच की आहार-व्यायाम करूनही शंभरातले एकोणचाळीस वाचले नाहीत. म्हणून ज्याला मधुमेह झाला त्याला आळशी म्हणून हिणवू नये. जन्माचे गोदाम कोणाचे केवढे, हे कोणाच्या हाती नव्हते. पण शंभरातली पंधरा-सोळा माणसे वाचणे ही थोडी गोष्ट नव्हे. त्या पंधरांत आमचा मित्र असता, तर तो आज येथे पायांनी चालत आला असता.

आता करावयाचे काय? थोडे घरी आणि थोडे कारखान्यात.

घरी: जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये, पंधरा-वीस मिनिटे पाय मोकळे करावे. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी चालण्याचे वेड कोणी घेऊ नये; पहाटे किंवा दिवे लागल्यावर चालावे. आणि नुसते चालून थांबू नये. महालातल्या जुन्या आखाड्यांत दंड-बैठका काढीत, त्यांची आपण थट्टा करू लागलो. पण बैठक म्हणजे मांडीच्या स्नायूला दिलेले काम आहे, आणि आपल्याकडे तर स्नायूच मुळात थोडा. खुर्ची धरून दहा बैठकांपासून सुरुवात करावी. बायकांनीही करावी, घरकामात उठबस होते म्हणून स्वतःला वगळू नये. ज्यांना इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, व्यायामाबद्दल डॉक्टरांना विचारावे, आणि चालावयास जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी, कारण श्रमाने साखर एकाएकी उतरूही शकते. अनवाणी चालू नये, आणि रोज रात्री तळपाय पाहावा. हे शेवटचे वाक्य आम्ही फार किंमत देऊन शिकलो.

कारखान्यात आणि नोकरीच्या जागी: ऑस्ट्रेलियात २०१२ साली एकोणीस स्थूल माणसांवर प्रयोग झाला. बसल्या जागी दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे हळू चालावयास लावले, तर जेवणानंतर चढणारी साखर सुमारे २४ टक्क्यांनी कमी भरली. दोन मिनिटे! मालकवर्ग म्हणतो कामगार दोन मिनिटे जागा सोडतो तेव्हा नुकसान होते. आम्ही म्हणतो, तो जागा सोडत नाही तेव्हा नुकसान होते, फक्त ते मालकाच्या वहीत मांडले जात नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची सुटी आणली आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह सक्तीचे केले; २०२० च्या नव्या संहितेत उपाहारगृहासाठी हा आकडा शंभरावर आणला गेला. पण उपाहारगृहात काय शिजावे, हे आम्ही युनियनवाल्यांनी कधी विचारले? आम्ही वड्याचा भाव आठ आण्यांनी उतरवण्यासाठी निदर्शने केली. उसळ का नाही, हे विचारले नाही. ही चूक आमची आहे. कामगार राज्य विमा योजना नागपुरात १९५४ साली आली. तिच्या दवाखान्यात आजारी पडल्यावर जाणे आम्ही शिकलो, आजारी पडण्यापूर्वी रक्त तपासून घेणे शिकलो नाही. वर्षातून एकदा, तिशीनंतर, बारीक असो की जाड, प्रत्येक सभासदाची साखर तपासली जावी, ही मागणी आता मागणीपत्रात पगारवाढीच्या खालोखाल यावी, असे आमचे मत आहे.

राहता राहिली ती खुर्ची. पहारेकऱ्याला खुर्ची मिळवून दिली हे चुकले काय, असे आम्ही स्वतःला पुष्कळदा विचारले. चुकले नाही. बारा तास उभे ठेवणे ही क्रूरताच होती. पण आमची मागणी अपुरी होती. आठ तासांची पाळी, बसावयास खुर्ची, आणि अधूनमधून उठून फाटकाभोवती फेरी मारण्याची मोकळीक, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र मागावयास हव्या होत्या. आम्ही एक मिळवली आणि विजयाची सभा घेतली. आमच्या चळवळीने श्रमापासून सुटका मागितली. शरीराला बेकार करणे तिने मागितले नव्हते. ह्या दोहोंतला भेद ओळखण्याइतकी विद्या आता आपल्यापाशी आली आहे. ती दवाखान्याच्या भिंतीआड राहू नये, म्हणून आम्ही येथे आलो.

 एक विनंती आहे. सभा संपल्यावर ज्यांचे घर जवळ असेल त्यांनी आज रिक्षा करू नये.